नांगरट, आच्छादन आणि गांडुळे : एका अभ्यासाची पार्श्वभूमी

चार्ल्स डार्विन यांनी १८३७ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेपुढे एक छोटा निबंध वाचला. कुरणावर काही वर्षांपूर्वी पसरलेला चुना व राख पुढे जमिनीखाली काही इंचांवर सलग थराच्या रूपात सापडते, आणि वरचा मातीचा थर ही गांडुळांनी वर आणून टाकलेली विष्ठा असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच विषयावरच्या १८८१ च्या ग्रंथात त्यांनी इंग्लंडच्या अनेक भागांत एकरी दहा टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून वर येते, असा अंदाज दिला. हा आकडा तेव्हापासून सतत उद्धृत होतो. मात्र त्यामागची मोजमापे प्रामुख्याने न नांगरलेल्या, गवताळ जमिनींवरची होती, हे बहुधा सांगायचे राहून जाते. योगायोग असा, की लोहार जॉन डियर यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात आपला पोलादी नांगर घडवला तोही १८३७ मध्येच.

नांगरटीविषयी गंभीर शंका उपस्थित झाली ती गांडुळांमुळे नव्हे, तर धुळीमुळे. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील उघडी पडलेली माती वादळांनी उडवून नेली, आणि १९४३ मध्ये अमेरिकी शेतीलेखक एडवर्ड फॉकनर यांनी पलटी नांगराच्या, म्हणजे माती उलटी करणाऱ्या नांगराच्या, उपयुक्ततेलाच आव्हान दिले. तरीही नांगर सोडल्यास तणांचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच होता. पॅराक्वाट हे तणनाशक १९६२ मध्ये बाजारात आल्यावर त्याला एक उत्तर मिळाले. गांडुळांना हितकारक ठरलेल्या विनानांगरणी शेतीचा, म्हणजे न नांगरता थेट पेरणी करण्याच्या पद्धतीचा, प्रसार अशा विषारी रसायनाच्या आधाराने व्हावा, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही.

मशागतीचा परिणाम सर्व गांडुळांवर सारखा का होत नाही, हे समजण्यासाठी फ्रेंच संशोधक मार्सेल बूशे यांनी १९७० च्या दशकात मांडलेले वर्गीकरण उपयोगी पडले. काही गांडुळे पालापाचोळ्यातच राहतात, काही वरच्या थरात आडवी बिळे करून मातीतील सेंद्रिय अंश खातात, तर काही खोल उभी बिळे कायम राखून रात्री पृष्ठभागावरचा पाला आत ओढतात. पलटी नांगराने पहिल्या गटाचा निवाराच गाडला जातो. तिसऱ्या गटाचे बीळ मोडते आणि वरचे अन्नही नाहीसे होते. शिवाय ही मोठी गांडुळे सावकाश वाढत असल्याने त्यांची संख्या लवकर भरून येत नाही. प्रत्यक्ष फाळाने होणारी इजा आणि नांगरामागून येणारे पक्षी हे नुकसान डोळ्यांना दिसते, पण माझ्या मते अन्न व निवारा गमावणे अधिक जिव्हारी लागते. मधल्या गटाला मात्र गाडलेल्या धसकटांतून काही काळ खाद्यही मिळते, म्हणूनच नांगरलेल्या शेतातही गांडुळे सापडतात.

आच्छादनाचे महत्त्व येथेच स्पष्ट होते. गांडूळ त्वचेतून श्वसन करते आणि त्यासाठी त्वचा ओलसर राहावी लागते. पिकांच्या अवशेषांचा थर ओल टिकवतो, उन्हाची तीव्रता कमी करतो आणि कुजत असताना अन्नही पुरवतो. प्लास्टिकच्या आच्छादनाने ओल टिकते, परंतु खाद्य मिळत नाही. म्हणून नांगर थांबवला, पण काड गोळा करून नेले किंवा जाळले, तर काम अर्धेच होते.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४० देशांतील २१५ क्षेत्रीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या विश्लेषणाने या निरीक्षणांना संख्यात्मक आधार दिला. पलटी नांगरणीच्या तुलनेत विनानांगरणी शेतात गांडुळांची संख्या सरासरी १३७ टक्क्यांनी आणि त्यांचे एकूण वजन १९६ टक्क्यांनी अधिक आढळले, आणि अवशेष जमिनीवर राखल्यास हा लाभ आणखी वाढला. दहा वर्षांहून अधिक काळ कमी मशागत केलेल्या जमिनींत फरक जास्त ठळक होता. त्यामुळे दोन-तीन हंगामांच्या चाचणीवरून पद्धत निष्फळ ठरवणारे निष्कर्ष जपूनच वाचावे लागतात.