गर्दीत मिसळू न शकणारा ब्राउझर

एखादे संकेतस्थळ उघडत असताना, आपल्याला पडद्यावर काहीही न दिसता, ते आपल्या ब्राउझरकडून एक लहानसे चित्र काढून घेऊ शकते. इंग्रजीतली सगळी मुळाक्षरे येतील असे एखादे वाक्य आणि मागे एक रंगीत चौकोन, एवढेच ते चित्र असते. चित्र काढण्याची आज्ञा सर्वांना एकच असते. मात्र प्रत्येक संगणकाची ग्राफिक्स चिप, तिला चालवणारे सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर, त्यावर असलेले फाँट आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची पद्धत यांत थोडाफार फरक असल्यामुळे काही बिंदूंच्या रंगछटा किंचित बदलतात. डोळ्यांना हा फरक कळत नाही, पण त्या बिंदूंवरून काढलेल्या आकड्यात तो नेमका उतरतो. या तंत्राला कॅनव्हास फिंगरप्रिंटिंग म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०१२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि दोनच वर्षांनी झालेल्या एका पाहणीत जगातल्या आघाडीच्या एक लाख संकेतस्थळांपैकी पाच टक्क्यांहून अधिक ठिकाणी ते वापरात असल्याचे आढळले.

खासगीपणाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा कुकीजपाशीच थांबते, म्हणून हे सविस्तर सांगितले. कुकी ही आपल्याच यंत्रावर ठेवलेली नोंद असते. ती पाहता येते आणि पुसताही येते. ब्राउझरच्या ठशाचे, म्हणजे अशा बारीकसारीक वैशिष्ट्यांवरून मिळून तयार होणाऱ्या ओळखीचे, तसे नाही. तो आपल्याकडे कुठेच साठवलेला नसतो, दर भेटीत नव्याने घेतला जातो, त्यामुळे पुसण्यासारखे आपल्या हाती काहीच उरत नाही. इन्कॉग्निटो म्हणजे खासगी खिडकी बंद केल्यावर भेटींचा इतिहास आणि त्या वेळच्या कुकीज जातात, आपली वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारे व्हीपीएन वापरल्यास आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला क्रमांक, बदलतो. पण पडद्याचा आकार, फाँट, कालविभाग (टाइम झोन), भाषांचा क्रम आणि चित्रातून निघालेला तो आकडा बहुतेक ब्राउझरांत तसाच राहतो.

अशा किरकोळ गोष्टींवरून माणूस ओळखू कसा येतो, याचे उत्तर साध्या गणितात आहे. ज्या माहितीमुळे संशयितांची गर्दी निम्मी होते, तिला एक बिट माहिती म्हणतात. जगाची लोकसंख्या सुमारे आठ अब्ज धरली, तर तेहेतीस वेळा निम्मे करत गेल्यावर एकच माणूस उरतो. म्हणजे नाव, पत्ता, फोन नंबर यांपैकी काहीही न सांगता केवळ ३३ बिट माहिती पुरते. इलेक्ट्रॉनिक फ्राँटियर फाउंडेशन या संस्थेने २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांचे ठसे तपासले, तेव्हा एका ठशातून किमान १८.१ बिट माहिती मिळत असल्याचे आणि त्यांतले ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय असल्याचे दिसले. स्वतःहून तपासणीला आलेले लोक तंत्रज्ञानात रस असलेले होते, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. २०१८ मध्ये फ्रान्समधील एका सर्वसामान्य संकेतस्थळावर वीस लाखांहून अधिक ठसे तपासले गेले, तेव्हा हे प्रमाण ३३.६ टक्के भरले. मला हा आकडाही स्वस्थ बसू देत नाही, कारण तीन जणांतला एक जण केवळ ठशावरून वेगळा ओळखू येतो असा त्याचा अर्थ होतो.

यात आपल्या भाषेचा संबंध थेट येतो. अनेक ब्राउझर प्रत्येक पान मागताना आपल्याला कोणत्या भाषा चालतील, हे पसंतीच्या क्रमाने कळवतात. पुण्यात बसून मराठी, हिंदी, इंग्रजी असा क्रम ठेवणारे पुष्कळ असतील. पण तोच क्रम ठेवून जर्मनीच्या कालविभागातून पाने उघडणारे किती निघतील? त्यात भर म्हणून मराठी टंकलेखनासाठी मुद्दाम बसवलेले चार देवनागरी फाँट असले, तर गर्दी झपाट्याने पांगते. यांतली एकही गोष्ट गुपित नाही; ती एकत्र आल्यामुळे ओळख पटते.

म्हणून येथे बचावाची रीत लपण्याची नसून इतरांसारखे दिसण्याची आहे. ब्राउझरला अनेक एक्स्टेन्शन, म्हणजे जादा सोयी देणारे छोटे प्रोग्राम, जोडत गेल्यास काही वेळा तेच आपले वेगळेपण वाढवतात, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. सफारी संकेतस्थळांना यंत्राचे ठरावीक, सरळसोट वर्णन देतो, फायरफॉक्स ठसे घेणाऱ्या परिचित कंपन्यांना २०२० पासून आपणहून अडवतो, तर ब्रेव्ह चित्रातल्या बिंदूंत मुद्दाम थोडी गडबड करतो, जेणेकरून निघणारा आकडा कायम राहू नये. सर्वांत पुढे, वापरणाऱ्याची ओळख लपवण्यासाठीच बनवलेला टॉर ब्राउझर गेला आहे. खिडकी कितीही ताणली तरी तो पानाचा आकार ठरावीक मापांतच ठेवतो आणि आपण कुठेही असलो तरी घड्याळ जागतिक प्रमाणवेळेचेच दाखवतो. सामान्य कामांसाठी पहिल्या तिघांपैकी एखादा ब्राउझर वापरणे पुरेसे ठरावे; पत्रकार किंवा धोका पत्करून तक्रार करणाऱ्या व्यक्तीने मात्र टॉरचाच विचार करावा, असे माझे मत आहे.

टॉरमधली एक गोष्ट मला मनापासून खटकते. ब्राउझरची भाषा इंग्रजीखेरीज दुसरी असेल, तर संकेतस्थळांकडे इंग्रजी पानेच मागावीत का, असे तो विचारतो, कारण इंग्रजी मागणाऱ्यांची गर्दी सर्वांत मोठी आहे. तांत्रिकदृष्ट्या हा सल्ला अगदी रास्त आहे. पण तो मानला तर मराठीत उपलब्ध असलेले पानही आधी इंग्रजीत उघडते, आणि मराठी हवे असल्यास ते त्या पानावर दर वेळी हाताने निवडावे लागते.