‘द ग्रीन टेबल’चे पुनरुज्जीवन : कुर्ट योस आणि जॉफ्री बॅले

आधुनिक जर्मन नृत्याचे एक प्रवर्तक कुर्ट योस (१२ जानेवारी १९०१ – २२ मे १९७९) यांची नृत्यनाट्ये अमेरिकेतील जॉफ्री बॅले या संस्थेने १९६७ पासून पुन्हा रंगमंचावर आणली. १९३२ मधील ‘द ग्रीन टेबल’ ही त्यांतली मुख्य कृती. १९७६ मध्ये जॉफ्रीने योस यांच्या चार रचनांचा एक संपूर्ण प्रयोगही सादर केला. योस यांचा स्वतःचा फिरता संघ ‘बॅले योस’ १९४७ मध्ये बंद पडला होता. १९५१ मध्ये त्यांनी जर्मनीतील एसेन येथे ‘द ग्रीन टेबल’ पुन्हा उभे केले होते, पण अमेरिकी नृत्यसंस्थेने ती बसवण्याची वेळ १९६७ मध्ये प्रथम आली.

‘बॅले’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर दोन वेगळी चित्रे येतात. एक पायाच्या अंगठ्यावर उभी राहणारी पांढऱ्या झग्यातली नर्तिका. दुसरे मुंबईत रुजलेले. शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ काढला, सचिन शंकर यांनी ‘बॅले युनिट’ उभे केले, आणि इथे बॅले म्हणजे संवादांवाचून सांगितलेले नृत्यनाट्य असा अर्थ रूढ झाला. योस यांची कल्पना या दुसऱ्या अर्थाच्या जवळची आहे. त्यांच्या रचनांत चवड्यांचे कडक बूट नाहीत, कसरतीसाठी कसरत नाही, आणि गोष्टीला पुढे न नेणारी हालचाल ते ठेवत नसत.

योस वुर्टेम्बर्ग प्रांतातल्या वासरआल्फिंगेन गावचे. रुडॉल्फ फॉन लाबान हे त्यांचे गुरू. हालचालीत किती जोर आहे, ती थेट जाते की वळणे घेत, झटकन होते की रेंगाळत, या प्रश्नांतून लाबान यांनी देहाच्या हालचालीचे एक व्याकरणच बांधले होते. त्यांचे बरेच अनुयायी जुन्या बॅलेला शत्रू मानत. योस यांनी मात्र व्हिएन्ना आणि पॅरिसला जाऊन बॅलेचे रीतसर शिक्षण घेतले. अभिजात कवायतीने देह घडवायचा आणि त्याला लाबानची भाषा बोलायला लावायची, हा त्यांचा मार्ग होता. दोन्ही पंथांना तो तेव्हा बाटगा वाटला असणार. पुढे बॅले संस्थांना योस पेलता आले ते मात्र याच मिश्रणामुळे. १९२७ मध्ये एसेनच्या फोल्कवांग विद्यालयाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. सहकारी सिगुर्ड लीडर, संगीतकार फ्रित्स कोहेन आणि वेशभूषाकार हाइन हेक्रोट ही मंडळी त्यांच्याभोवती जमली.

‘द ग्रीन टेबल’चा पहिला प्रयोग ३ जुलै १९३२ रोजी पॅरिसच्या शाँझेलिझे थिएटरमध्ये झाला. निमित्त होते आंतरराष्ट्रीय नृत्यरचना स्पर्धेचे, आणि पहिले पारितोषिक याच कृतीला मिळाले. आठ प्रसंगांचे हे ‘मृत्यूचे नृत्य’ जेमतेम अर्ध्या तासाचे, साथीला फक्त दोन पियानो. ल्युबेकच्या चर्चमधील मध्ययुगीन मृत्युनृत्याच्या चित्रमालिकेवरून योस यांना ही कल्पना सुचली. त्या चित्रांत राजा, धर्मगुरू, व्यापारी, शेतकरी अशा सगळ्यांचा हात धरून सांगाडा नाचतो. ती चित्रे १९४२ च्या बाँबहल्ल्यात जळाली.

नावातही एक खोच आहे. जर्मनमध्ये ‘हिरव्या टेबलावर’ ठरवलेली गोष्ट म्हणजे जमिनीवरची वस्तुस्थिती न पाहता कचेरीत बसून घेतलेला निर्णय. आपल्याकडचे कागदी घोडे याच जातीचे. पडदा उघडतो तेव्हा हिरव्या कापडाच्या लांब टेबलाभोवती काळ्या पोशाखातले दहा सद्गृहस्थ मुखवटे लावून वाटाघाटी करत असतात. संगीत टँगोचे. नमस्कार-चमत्कार होतात, बोटे नाचवली जातात, आवाज न करता भांडण पेटते, पुन्हा सभ्यपणा येतो; शेवटी पिस्तुले निघतात आणि बार होतो. त्याच क्षणी अंधारातून मृत्यू पुढे येतो. मधल्या सहा प्रसंगांत युद्ध आहे: निरोप, रणांगण, बंडखोर स्त्री, निर्वासित, वेश्यागृह आणि अखेरची वरात. आठव्या प्रसंगात तेच टेबल, तेच गृहस्थ, तोच टँगो.

कृतीचे खरे सामर्थ्य मृत्यू प्रत्येकाला वेगळ्या रीतीने भेटतो यात आहे. जवानाला तो रणांगणात गाठतो. सैनिकाला मारणाऱ्या बंडखोर स्त्रीसमोर तो बंदुकांची फळी उभी करतो. थकलेल्या म्हातारीला जवळजवळ मायेने नेतो, आणि वेश्यागृहातल्या मुलीशी आधी नाचतो. स्वतः त्याची चाल मात्र बदलत नाही: जड, सरळ, ठेक्यात आपटणारे पाय, छातीवर बरगड्यांसारखे पट्टे, डोक्यावर शिरस्त्राण. या सगळ्यांत नफेखोर फिरतो, आणि त्याच्यात सरळ रेषाच नाही. तो हलका, चपळ, नेहमी वळसा घालून येणारा. मेलेल्याच्या बोटातली अंगठी काढून घेणारा. लाबानचे व्याकरण इथे पाठ्यपुस्तकातून उठून पात्रांच्या अंगात शिरले आहे. शब्द नसताना कोण कोण आहे हे कळते ते वेशामुळे नव्हे, हालचालीच्या जातीमुळे. पहिल्या प्रयोगात मृत्यूची भूमिका खुद्द योस यांनी केली होती.

पुढच्याच वर्षी जर्मनीत नाझी सत्तेवर आले. कोहेन आणि इतर ज्यू सहकाऱ्यांना काढून टाका, ही मागणी योस यांनी धुडकावली आणि १९३३ मध्येच संघासह देश सोडला. १९३४ पासून त्यांचे ठाणे इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात, डार्टिंग्टन हॉल येथे होते. तिथले आश्रयदाते लेनर्ड आणि डॉरथी एल्महर्स्ट. हेच लेनर्ड पूर्वी रवींद्रनाथांसोबत श्रीनिकेतनात काम करत होते, आणि नर्तक उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्रामागेही एल्महर्स्टांचे पाठबळ होते. वर उल्लेखिलेले शांती बर्धन अल्मोड्यातूनच मुंबईकडे आले. म्हणजे मुंबईच्या ‘बॅले’चा आणि योस यांचा आश्रयदाता एकच होता. त्यावरून थेट प्रभावाची कथा रचणे घाईचे ठरेल, पण योगायोग नोंदवण्याजोगा खरा.

पुनरुज्जीवनाच्या दृष्टीने डार्टिंग्टनमध्ये एक निर्णायक गोष्ट घडली. तिथे शिकणाऱ्या अ‍ॅन हचिन्सन यांनी ‘द ग्रीन टेबल’ लाबानच्या नृत्यलिपीत उतरवून घेतले. ही लिपी खालून वर वाचतात. मधली उभी रेघ देहाची डावी-उजवी बाजू वेगळी करते, चिन्हाचा आकार दिशा सांगतो, त्यातली छटा पातळी सांगते आणि चिन्हाची लांबी म्हणजे काळ. नृत्य बहुधा आठवणीवरच जगते. नर्तक पांगले की ते गेले. या कृतीला मात्र कागदाचाही आधार मिळाला.

तरी कागद पुरत नाही. भातखंड्यांच्या स्वरलिपीतून बंदिशीचे स्वर कळतात, पण ती गावी कशी हे समोर बसून शिकावे लागते, इथेही तसेच. म्हणून जॉफ्रीसाठी योस स्वतः आले, आणि पुढे त्यांची मुलगी आना मार्कार्ड यांनी तालमींची धुरा घेतली. बॅलेत वाढलेला नर्तक स्वभावतः वर जातो, वजन लपवतो. योस यांना ते वजन दिसायला हवे होते: पाय जमिनीत रुतलेले, धक्का कमरेतून आलेला. शिवाय भूमिका ‘करून दाखवू’ नये असा आग्रह. चेहऱ्यावर शोक आणला की म्हातारी खोटी होते. शोक पाठीच्या बाकात आणि पावलाच्या संथपणात असायला हवा. उड्या आणि गिरक्यांपेक्षा ही शिस्त अभिजात नर्तकाला अवघड जाते.

जॉफ्री बॅलेची स्थापना १९५६ मध्ये रॉबर्ट जॉफ्री आणि जेराल्ड अर्पिनो यांनी केली. जॉफ्री यांचे जन्मनाव अब्दुल्ला जाफा बे खान. वडील अफगाण, आई इटालियन, गाव सिअ‍ॅटल. नव्या, तरुण, रॉक संगीतावर नाचणाऱ्या कलाकृतींसाठी संघ गाजत असताना जॉफ्री यांना दुसरा नाद होता, विसाव्या शतकातल्या हरवत चाललेल्या कृती शोधून आणण्याचा. १९७३ मध्ये त्यांनी नृत्यरचनाकार मासिन यांचे ‘पराद’ उभे केले, आणि १९८७ मध्ये नर्तक-रचनाकार निजिन्स्की यांच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ची पुनर्रचना सादर झाली. ‘राइट ऑफ स्प्रिंग’ आणि ‘द ग्रीन टेबल’ या दोन टोकांची तुलना उद्बोधक आहे. निजिन्स्कींची कृती १९१३ मध्ये मोजक्या प्रयोगांनंतर लुप्त झाली होती. मिलिसेंट हॉडसन आणि केनेथ आर्चर यांना ती चित्रे, टिपणे आणि वृद्धांच्या आठवणी यांतून तर्काने जुळवावी लागली, आणि ती कितपत मूळची यावर वाद होतच राहणार. योस यांच्या बाबतीत कर्ता हयात होता, लिपी होती, आणि कृतीचे प्रयोगही मधूनमधून झाले होते. पहिल्या कामाला पुनर्रचना म्हणावे, दुसऱ्याला पुनर्मंचन. जाहिरातींत दोन्हींना ‘पुनरुज्जीवन’ म्हणतात आणि फरक पुसला जातो.

१९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरमध्ये जॉफ्रीचा ‘ग्रीन टेबल’ लागला तेव्हा व्हिएतनाम युद्ध भरात होते आणि शहरात युद्धविरोधी मोर्चे निघत होते. पस्तीस वर्षे जुन्या कृतीत एक पाऊलही बदलावे लागले नाही. मृत्यूच्या भूमिकेत माक्सिमिलियानो सोमोसा हा चिलीचा नर्तक होता. चिलीचा संबंध अचानक आलेला नाही. योस यांच्या संघातले एर्न्स्ट उथोफ आणि लोला बोत्का १९४१ नंतर सँटियागोत स्थायिक झाले, तिथे चिलीचा राष्ट्रीय बॅले उभा राहिला, आणि १९४८ मध्ये योस यांनी तिथे स्वतः ही कृती बसवली होती. युरोपातून हद्दपार झालेली रचना दक्षिण अमेरिकेत जगली आणि तिथला नर्तक ती न्यूयॉर्कला घेऊन आला. सोमोसा यांच्यानंतर क्रिस्टियन होल्डर यांनी साकारलेला मृत्यूही गाजला. १९८२ मध्ये जॉफ्रीचा प्रयोग अमेरिकी सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी चित्रित झाला. आज अनेकांनी ही कृती पाहिली आहे ती याच चित्रणातून.

१९७६ च्या योस-प्रयोगात ‘ग्रीन टेबल’सोबत ‘बिग सिटी’ (१९३२), ‘पावान ऑन द डेथ ऑफ अ‍ॅन इन्फान्ता’ (१९२९) आणि ‘अ बॉल इन ओल्ड व्हिएन्ना’ (१९३२) होती. ‘बिग सिटी’त महानगराची घाई, कामगार तरुणी, तिचा प्रियकर आणि तिला फशी पाडणारा लफंगा, ‘पावान’मध्ये दरबारी रीतिभातींत घुसमटून मरणारी राजकन्या, ‘व्हिएन्ना’ म्हणजे संगीतकार लानरच्या वॉल्ट्झवरची गोड करमणूक. त्यांतली ‘पावान’ लहान असूनही नेटकी आहे. ‘बिग सिटी’ आपल्या काळाला जास्तच चिकटलेली वाटते. तिन्हींना ‘ग्रीन टेबल’सारखे आयुष्य लाभले नाही.

योस १९७९ मध्ये मोटार अपघातानंतर वारले, रॉबर्ट जॉफ्री १९८८ मध्ये. १९९५ मध्ये संस्था शिकागोला गेली. योस यांच्या रचनांचे हक्क आना मार्कार्ड यांच्याकडे होते. पावलांपासून प्रकाशयोजनेपर्यंत सारे ठरल्याप्रमाणे झाले पाहिजे, यावर त्या ठाम असत, आणि २०१० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत जगभरच्या संघांत त्या स्वतः जाऊन तालमी घेत. २००५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरनेही ही कृती घेतली. फोल्कवांगमध्ये योस यांच्या हाताखाली शिकलेल्या पिना बाउश यांनी तर नृत्यनाट्याची पुढची पिढीच घडवली, पण गुरूच्या रचनांची नक्कल न करता.

योस यांच्या बाकीच्या बहुतेक रचना गेल्या. त्यांत ‘क्रॉनिका’ (१९३९) ही हुकूमशाहीवरची मोठी कृती होती. तिचे बेर्टोल्ट गोल्डश्मिट यांनी लिहिलेले संगीत उपलब्ध आहे आणि वाजवलेही जाते. त्यावर नर्तक काय नाचत होते ते आता कोणी बसवू शकत नाही.