स्टँडर्ड इनपुटवरचा बायनरी डेटा : पार्श्वभूमी

सीजीआय म्हणजे वेब सर्व्हरने बाहेरचा प्रोग्राम चालवून उत्तर मिळवण्याची पद्धत. पोस्ट विनंतीसोबत (ब्राउझरने सर्व्हरला डेटा पाठवण्याच्या विनंतीसोबत) आलेला डेटा प्रोग्रामला स्टँडर्ड इनपुटवरून, म्हणजे प्रोग्रामला डेटा मिळण्याच्या ठरलेल्या प्रवाहातून, देण्याची तिची रीत १९९३ची, आणि ती युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वळणाची आहे. आलेल्या बाइटांमध्ये अक्षरे आहेत की चित्र, याच्याशी युनिक्सला कर्तव्य नसते. १९९५मध्ये फॉर्ममधून फाइल पाठवण्याची सोय मांडली गेली आणि हेच प्रोग्राम विंडोजवरही चालू लागले, तेव्हा 'टेक्स्ट मोड' आडवा आला. तेथील सी लायब्ररी स्टँडर्ड इनपुट प्रोग्राम सुरू होण्याआधीच या मोडमध्ये उघडून ठेवते, १३ व १० या बाइटांच्या जोडीचा एकच १० करते आणि २६ हा बाइट दिसताच फाइल संपली असे मानते. पीएनजी चित्राचे पहिले आठ बाइट १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० असे असतात; चित्र जसेच्या तसे पाठवले, तर प्रोग्रामच्या हाती जेमतेम पाच बाइट लागतात. (ही मोडतोड लगेच उघडी पडावी म्हणूनच ते आकडे तसे निवडलेले आहेत.)

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत यावर 'बिनमोड'चा (प्रवाह कच्च्या बाइटांचा मानण्याच्या आज्ञेचा) उतारा होता, पण युनिक्सवर त्यावाचून काही अडत नसल्याने तो सर्रास गाळला जाई.

यातला खरा महत्त्वाचा निर्णय २००८च्या डिसेंबरमधला. पायथन या भाषेच्या ३.० आवृत्तीने बाइट आणि अक्षरे यांची फारकत केली, ती योग्यच होती. परंतु स्टँडर्ड इनपुट मात्र अक्षरांच्या बाजूला टाकले आणि कच्चे बाइट त्याच्या पोटातील 'बफर'मध्ये ठेवले. परिणामी, जो दोष विंडोजपुरता होता तो नव्या रूपात सर्वत्र आला, कारण चित्राचे बाइट यूटीएफ-८ (बाइटांतून अक्षरे लिहिण्याची प्रचलित पद्धत) म्हणून उलगडायला गेले की पहिल्याच १३७वर प्रोग्राम कोलमडतो. भाषेसोबत येणाऱ्या सीजीआय मॉड्यूललाही फाइल अपलोड नीट हाताळण्यासाठी २०११च्या ३.२ आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. हे मॉड्यूल २०२४मध्ये ३.१३मधून काढून टाकण्यात आले.

'कंटेंट-लेंग्थ'मध्ये (विनंतीसोबत कळवलेल्या डेटाच्या लांबीत) सांगितले तेवढेच बाइट वाचावेत, शेवटी 'एंड ऑफ फाइल' मिळेल असे गृहीत धरू नये, हा नियम सीजीआयचे वर्णन करणाऱ्या २००४च्या आरएफसी ३८७५ या दस्तऐवजात स्पष्ट आहे. तरीही गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचा एचटीटीपीसाठीचा सीजीआय प्रोग्राम २०१८पर्यंत प्रवाह बंद होण्याचीच वाट पाहत असे, आणि जो सर्व्हर तो बंद करत नाही त्यावर तसाच अडकून राही.