हेडरेस्ट डोकं टेकायला नसतंच मुळी!

‘गाडीच्या सीटवरच्या हेडरेस्टचे लोखंडी दांडे आत अडकल्यास काच फोडण्यासाठीच बनवलेले असतात’ हा मेसेज परवा पुन्हा एकदा आला. खाली नेहमीचंच, ‘सर्वांना पाठवा.’ साफ खोटं. ते दांडे उंची कमी-जास्त करण्यासाठी असतात. त्यांची टोकं बोथट असतात. हेडरेस्टचं खरं काम मात्र त्या मेसेजपेक्षा कितीतरी मजेदार आहे.

मागून गाडी धडकली की ‘डोकं मागे फेकलं गेलं’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात डोकं कुठेच जात नाही. सीट धडाला पुढे ढकलते आणि साडेचार-पाच किलोचं डोकं जडत्वामुळे होतं तिथेच राहतं. शरीर डोक्याखालून निसटतं म्हणा ना! मधल्या मध्ये सापडते ती मान. तिच्यात सात मणके. खालचे मणके धडाबरोबर पुढे सरकल्याने मानेचा खालचा भाग मागे वाकतो आणि त्याच क्षणी वरचा भाग पुढे वाकतो. क्षणभर मानेचा इंग्रजी ‘एस’ होतो. एरवी मान सहसा अशी वळत नाही. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात. त्यांच्या कडा चिमटल्या जातात, आवरण ताणलं जातं आणि दुखणं बहुधा तिथूनच सुरू होतं. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतं. स्नायू आवळायचं सुचेपर्यंत खेळ संपलेला असतो.

म्हणून धडाबरोबरच डोक्यालाही ढकलणारं काहीतरी मागे हवं, आणि तेही जवळ. फट जितकी मोठी, तितका तो ‘एस’ जास्त वळतो. अमेरिकेत 1969 पासून नव्या मोटारींत पुढच्या सीटना हे सक्तीचं झालं. तिथल्या नियमांतलं नावच ‘हेड रिस्ट्रेंट’, म्हणजे डोक्याला अडवणारं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस साब या स्वीडिश मोटार कंपनीने आणखी एक युक्ती काढली: धक्क्याने पाठ सीटमध्ये रुतली की आतली तरफ हेडरेस्टलाच वर आणि पुढे ढकलते.

एवढं असून कितीतरी गाड्यांत हेडरेस्ट तळाशी बसवलेलं दिसतं. असं मानेशी आलेलं हेडरेस्ट उलट तरफेच्या टेकूचं काम करतं आणि डोकं त्यावरून मागे कलंडतं. खटका दाबून ते डोक्याच्या माथ्याइतकं वर घ्या. ‘आरोग्यदायी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जाड मानेच्या उश्या तर डोक्यामागची फट वाढवूनच ठेवतात. गाडी उभी असताना शेजारच्याला बाजूने बघायला सांगा. डोकं आणि हेडरेस्ट यांत चार बोटांहून जास्त जागा दिसली, तर सीटची पाठ थोडी सरळ करा.