टाकी लहान की मोटर चालू?

नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढून इंदूरला येतं, तेही एक दिवसाआड. त्यामुळे गच्चीवरची टाकी वाहायला लागली की घरातलं कुणीतरी हमखास ओरडतं, "अरे, मोटर बंद करा!" टाकी लहान पडली म्हणून कुणी नवी आणायला धावत नाही. रात्री लघवीला उठावं लागलं की मात्र आपण थेट टाकीलाच, म्हणजे लघवीच्या पिशवीला, दोष देतो.

राजेंद्रनगरातल्या माझ्या मामांचंच घ्या. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी त्यांनी रेडिएशन घेतलं, त्याला दोन वर्षं झाली. घरात सगळे त्याला 'शेक' म्हणायचे. पीएसए (या कॅन्सरवर नजर ठेवणारी रक्ततपासणी) ताब्यात, जेवणखाण उत्तम, पण रात्री तीनदा, कधी चारदा उठणं काही सुटेना. मामींनी संध्याकाळी सहानंतर पाण्याचा तांब्याच उचलून ठेवला. मामांनी निकाल देऊन टाकला, "शेकानं पिशवी गेली रे, आता असंच चालायचं."

हे अर्धं खरं असू शकतं. प्रोस्टेट मूत्राशयाच्या अगदी खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. तिच्यावर किरण सोडले की शेजारच्या मूत्राशयाच्या अस्तरालाही त्याची झळ लागते. सुरुवातीची जळजळ बहुतेकांची काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. काहींच्या मूत्राशयाची भिंत मात्र पुढे ताठर होते आणि थोड्याशा लघवीनेही घाई सुरू होते. याच कॅन्सरसाठी दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या इंजेक्शनांची गोष्ट वेगळी. त्यांनी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरलं की रात्री अंगातून गरम वाफा निघतात, घाम फुटतो, झोप मोडते. जाग आलीच आहे तर माणूस उठून जाऊन येतो, आणि सकाळी सांगतो की लघवीने उठवलं.

प्रोस्टेट काढायचं ऑपरेशन झालेल्यांचं आणखी गमतीचं. दिवसा खोकताना, उठताना थेंब गळतो म्हणून पॅड लावणारे कितीतरी जण रात्री कोरडेच राहतात, कारण आडवं झाल्यावर खालच्या झडपेवरचा भार कमी होतो. म्हणजे दिवसाची गळती आणि रात्रीचं उठणं, दोन्हींचं मूळ एकच असेल असं नाही.

मग कळायचं कसं? मोजून. खर्च एका प्लॅस्टिकच्या मापाच्या भांड्याचा आणि एका वहीचा. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजायची, वेळ लिहायची. झोपण्याआधीची शेवटची लघवी दिवसात धरायची, सकाळची पहिली मात्र रात्रीच्या खात्यात, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. मामा आधी भडकले. "या वयात आता हे मोजू?" शेवटी मामींनीच वहीत रकाने पाडले.

आकडे असे आले: चोवीस तासांत २,१०० मिलीलिटर, त्यातली रात्रीची १,०००. जवळजवळ निम्मी! तरुण माणसात रात्रीचा वाटा साधारण २० टक्के असतो. उतारवयात तो ३३ टक्क्यांच्या वर गेला की डॉक्टर म्हणतात, रात्री लघवी जास्त तयार होतेय. मामा एका वेळेला २५० मिलीलिटर करत होते, म्हणजे पिशवी ठीकठाक होती. मोटरच रात्री चालू होती. दर वेळी ६०-७० मिलीलिटरच निघाली असती, तर संशय पिशवीवर गेला असता आणि औषधंही निराळी लागली असती.

मोटर रात्री का चालते? एक कारण वयाचं. मेंदूतून सुटणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना 'पाणी राखून ठेवा' म्हणून सांगतं. तरुणपणी ते रात्री वाढतं, वय झालं की ही लय मंदावते. दुसरं कारण पायांत असतं, आणि तेच कुणाच्या लक्षात येत नाही. दिवसभर खुर्चीत बसून घोट्यांशी पाणी उतरतं. आडवं होताच ते रक्तात परततं आणि मूत्रपिंडं इमानदारीने बाहेर टाकतात. मामांच्या मोज्यांचे वळ रोज संध्याकाळी उमटलेले दिसत, आम्ही त्यांचा दोष घट्ट इलॅस्टिकवर ढकलत होतो. तिसरं कारण घोरणं. झोपेत श्वास अडकत असेल तर हृदयाच्या कप्प्यावर ताण येतो, आणि हृदयच एक संप्रेरक सोडून मूत्रपिंडांना मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतं. अशा माणसाला लघवीच्या नव्हे, झोपेच्या तपासणीची गरज असते. रक्तातली साखरही बघून घ्यायला हवी.

आणि मीठ. नागासाकीच्या डॉक्टरांनी २०१७ साली मांडलेल्या पाहणीत रोजचं मीठ सरासरी १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणणाऱ्यांचं रात्रीचं उठणं २.३ वरून १.४ वर आलं. पाहणी प्रोस्टेटच्या रुग्णांची नव्हती, पण इंदूरकराने जरा थांबून वाचावी अशी आहे. सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला, रात्री दहाला सराफ्यातल्या खाऊगल्लीत चक्कर, आणि त्यानंतर दोष शेकाला!

डॉक्टरांनी मामांची बीपीची गोळी बदलली नाही, वेळ बदलली. लघवी वाढवणारी ती गोळी ते रात्री जेवणानंतर घेत होते, ती दुपारवर आली. दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडायचं, हेही ठरलं. तांब्या परत आला, फक्त झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत घोट-दोन घोटच. दिवसभर पाणी तोडलं की लघवी घट्ट होते आणि दुखावलेल्या अस्तराला जास्तच झोंबते. घाई आली की पळायचं नाही, बसून ओटीपोटाचे खालचे स्नायू चार-पाचदा झटकन आवळायचे. त्याने मूत्राशयाचं आकुंचन शमतं. रात्री लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिनची गोळी असते, पण म्हाताऱ्या माणसात ती रक्तातलं सोडियम घातक पातळीपर्यंत उतरवू शकते. शेजाऱ्याची पट्टी मागून घेण्यातली ती गोळी नव्हे. लघवीत रक्त, ताप किंवा लघवी अडकणं, यात वही वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

पलंगापासून संडासापर्यंत आता एक मंद दिवा असतो, कारण या वयात रात्री दोनला पाय घसरून खुब्याचं हाड मोडणं हे लघवीपेक्षा फार महाग पडतं. मामा एकदाच उठतात, कधी दोनदा. वही अजून चालू आहे. परवा बघितलं तर मामींनी तिच्यात एक नवा रकाना पाडलेला: 'सराफा'.