सुपरकॉम्प्युटरवर पाळी कशी लागते?

यंदा मृगाचं वाहन कोणतं, याची चर्चा आमच्या परभणीकडे अजून चवीनं चालते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला की पाऊस बक्कळ म्हणे! आता त्याच पारावर सुपरकॉम्प्युटरचं नाव निघतं, आणि भाबडेपणा तोच. पुण्याच्या ‘अर्क’ या हवामानाच्या सुपरकॉम्प्युटरची क्षमता 11.77 पेटाफ्लॉप, म्हणजे बटण दाबलं की उत्तर हजर. (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी आकडेमोडी.)

माझी एक माजी विद्यार्थिनी दूरच्या अशा एका यंत्रावर प्रथिनांच्या रेणूंचं गणित चालवते. पेटाफ्लॉपचं तिला फारसं कौतुक नाही. तिचा प्रश्न असतो, “सर, माझा नंबर कधी लागेल?”

सुपरकॉम्प्युटर म्हणजे कपाटांत रचून वेगवान जाळ्यानं जोडलेले शेकडो-हजारो संगणक. त्यांना नोड म्हणतात. सामाईक विहिरीवर भावकीची पाळी असते, तशी इथंही असते. ती लावणाऱ्या आज्ञावलीला शेड्युलर म्हणतात, आणि तिची एक युक्ती मला फार आवडते.

समजा, नोड 100 आहेत. 70 कामात आहेत, ते सहा तासांनी सुटतील. रांगेत पहिल्या कामाला सगळे 100 हवेत, म्हणून ते थांबलंय आणि 30 नोड रिकामे बसलेत. शेड्युलर मागं नजर टाकतो. कुणाला 20 नोड चारच तास हवे असतील, तर त्याला मधेच घुसवतो. पहिल्याला मिनिटाचाही उशीर होत नाही. याला बॅकफिल म्हणतात.

मात्र शेड्युलरला खरा वेळ कळत नाही, तुम्ही लिहिलेलाच कळतो. मागितलेली मुदत संपली की काम मधेच तोडलं जातं. त्या धाकानं मुलं तीन तासांच्या कामाला चोवीस तास मागतात आणि त्या फटीत मावत नाहीत. माझ्या विद्यार्थिनीचंही तेच झालं होतं. अधूनमधून अर्धवट हिशेब डिस्कवर जपून ठेवायचा म्हणजे तुटल्या जागेहून पुढं जाता येतं, मग कमी मुदत मागायला भीती नाही, हे तिला यंत्र सांभाळणाऱ्या माणसानं शिकवलं. यंत्राच्या उद्घाटनाला फीत कापतात, पण अशा माणसाच्या पगाराची तरतूद कुणाला आठवत नाही.

शिवाय सगळ्यांची गरज एकसारखी नसते. हवामानाच्या गणितात नकाशाचा प्रत्येक चौकोन शेजारच्याला सतत विचारत असतो, त्यामुळं सगळे नोड एकाच वेळी लागतात आणि त्यांच्यातलं जाळंही चपळ लागतं. हिंगोलीत औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी (अवकाशातून येणारी अतिसूक्ष्म थरथर) टिपणाऱ्या वेधशाळेचं वेगळं. या लहरींच्या शोधात एकच नोंद असंख्य नमुना-लहरींशी ताडून पाहतात, आणि ही प्रत्येक तुलना सुटी असते. तिला शेजाऱ्याशी बोलायची गरज नाही. असली बारकी कामं त्या रिकाम्या 30 नोडांत अलगद बसतात.