टौंगू धर्मप्रांत (म्यानमार)

टौंगू हा म्यानमारमधल्या करेन या अल्पसंख्याक लोकांच्या भागातला एक जुना कॅथलिक धर्मप्रांत (म्हणजे एका बिशपच्या ताब्यातला इलाखा), हल्ली अधिकृत कागदांवर ताउंग्गू असं लिहितात. शहर सितांग नदीच्या खोऱ्यात आहे, यांगूनहून मंडालेला जाणारी रेल्वे इथूनच जाते, आणि सुपारीसाठी ते इतकं फेमस की कुणाला अचानक घबाड मिळालं तर पान खाणाऱ्याला टौंगूची ट्रिप लागली असं बर्मी लोक म्हणतात. सेक्रेड हार्ट कॅथेड्रल याच शहरात, पण धर्मप्रांताची खरी वस्ती पूर्वेकडच्या डोंगरांत, थांडाउंग, लेइक्थो अशा पट्ट्यात. तिथे करेनांच्या ब्वे, गेबा, पाकू, स्गॉ अशा बऱ्याच शाखा, प्रत्येकीची बोली वेगळी, एका खोऱ्यातलं बोलणं पलीकडच्या खोऱ्यात कळेलच असं नाही.

या गावाचा कॅथलिक धर्माशी पहिला संबंध मात्र करेनांमुळे आलेला नाही, तो गोव्यामार्गे आला. 1600 च्या सुमारास फिलिप द ब्रितो नावाच्या पोर्तुगीज साहसवीराने यांगूनजवळच्या सिरियम बंदरावर ताबा मिळवला, गोव्याला जाऊन व्हाइसरॉयचा पाठिंबा आणला, आणि टौंगूचा कवी राजा नत्शिन्नाउंग त्याला जाऊन मिळाला, त्याने बाप्तिस्मा घेतल्याचंही सांगतात. 1613 मध्ये राजा अनाउकपेतलुनने सिरियम जिंकून दोघांनाही संपवलं, द ब्रितोला तर सुळावर चढवलं. त्या प्रकरणाचा डोंगरातल्या करेनांना काही फरक पडला असेल असं वाटत नाही.

आजच्या धर्मप्रांताचं मूळ 1866 सालचं. त्या वर्षी रोमने बर्मा मिशनचे तीन तुकडे केले, त्यातला पूर्व बर्मा मिलानच्या मिशनरी संस्थेकडे दिला, हीच संस्था पुढे 1926 पासून पीमे म्हणून ओळखली जाऊ लागली आणि आपल्याकडे हैदराबादच्या निजामी मुलखातही तिचीच माणसं काम करत होती. एउजेनियो बिफ्फी आणि त्याचे सोबती 1868 मध्ये टौंगूला पोचले. 1852 च्या युद्धानंतर टौंगू ब्रिटिशांकडे आलेलं होतं त्यामुळे राहायला परवानगीचा प्रश्न नव्हता, तिथून ते डोंगर चढले आणि लेइक्थोला वरचं पहिलं ठाणं झालं. बिफ्फी पुढे 1882 मध्ये थेट कोलंबियातल्या कार्ताहेनाचा बिशप होऊन गेला, कुठे सितांग आणि कुठे कॅरिबियन समुद्र! त्याच्यामागे रोक्को तोर्नातोरेने काम सांभाळलं.

पण गंमत अशी की इटालियन आले ते उशिरा. अमेरिकन बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) 1853 पासून टौंगूत होते आणि त्यांचं काम साहेबांपेक्षा करेन प्रचारकांनीच जास्त केलं, साव क्वाला हा त्यातला मोठा माणूस, त्याने डोंगरात गावंच्या गावं वळवली होती. करेनांची एक जुनी कथाही बॅप्टिस्टांच्या पथ्यावर पडली, यवा नावाच्या देवाने दिलेलं सोन्याचं पुस्तक हरवलं आणि एक दिवस गोरा धाकटा भाऊ ते परत घेऊन येईल अशी ती कथा, आता पुस्तक हातात घेऊन गोरी माणसं दारात आल्यावर आणखी काय हवं. मग कॅथलिकांना जागा कशी मिळाली? एक तर सगळी गावं बॅप्टिस्ट झालेली नव्हती, बरेच जण आपले जुने देव धरूनच होते, दुसरं म्हणजे टौंगूच्या बॅप्टिस्टांमध्येच भांडण लागलं. मिशनरी फ्रान्सिस मेसनची बायको एलेन हिने असं काढलं की करेन बायका कापडावर जी नक्षी विणतात ती म्हणजे साक्षात देवाची भाषा आहे. यावरून मिशन फुटलं आणि बरेच लोक 1870 च्या दशकात अँग्लिकनांकडे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चकडे गेले. म्हणजे एकाच डोंगरात तीन चर्च, आणि कोणतं गाव कुणाचं यावरून तणातणी. ती पुढे ऐंशी वर्षांनी जिवावर बेतली, त्याबद्दल खाली.

1895 मध्ये मिलानच्या सिस्टर्स आल्या, अनाथालय, शाळा, दवाखाने असं सुरू झालं. त्याच वर्षी पाओलो मान्ना हा तरुण फादर आला आणि घेखू करेनांमध्ये राहिला, पण क्षयाने त्याला सारखं आजारी पाडलं, 1907 मध्ये कायमचा इटलीला परतला. स्वतःला तो फसलेला मिशनरी म्हणायचा. याच माणसाने 1916 मध्ये धर्मगुरूंची मिशनरी युनियन काढली जी आज जगभर आहे, आणि 2001 मध्ये त्याला धन्य घोषित केलं (संतपदाच्या आधीची पायरी). खरं तर रोजचं काम चालायचं ते स्थानिक कॅटेकिस्टांवर, म्हणजे धर्म शिकवणाऱ्या गावातल्याच माणसांवर, फादर एका गावात कधीतरीच येणार, मधल्या काळात प्रार्थना, शिकवण, मयत, भांडणं सगळं कॅटेकिस्टच बघणार. त्यांची नावं इतिहासात फार थोडी आली आहेत, हे खटकतं.

1927 मध्ये केंगतुंगचा भाग वेगळा झाला. दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रूपक्षात गेल्यामुळे ब्रिटिशांनी काही फादरांना भारतातल्या छावण्यांत डांबलं, मारिओ व्हेरगारा त्यातलाच, तिथेच त्याची एक किडनी काढावी लागली. युद्ध संपल्यावर गडी परत हजर.

आणि मग 1949. जानेवारीअखेर करेन उठाव पेटला, बंडखोरांनी टौंगू घेतलं, त्याच वर्षी तिथून कॉथूलेई या स्वतंत्र राज्याची घोषणाही झाली, मार्च 1950 मध्ये सरकारी फौजांनी शहर परत घेतलं. मिशनरी दोन्ही बाजूंनी संशयित. सालविन नदीकडच्या शडॉ भागात व्हेरगारा लोकांची बाजू घेऊन बंडखोरांच्या वसुलीला विरोध करायचा, वर तिथल्या बॅप्टिस्ट पुढाऱ्यांशी जुनी स्पर्धा होतीच. 1950 च्या मे महिन्यात बंडखोरांनी त्याला आणि कॅटेकिस्ट इसिदोर ङेई को लाट याला गोळ्या घातल्या आणि प्रेतं पोत्यात घालून सालविनमध्ये टाकली, सोबतचा फादर पिएत्रो गालास्त्रीही मारला गेला. तिकडे टौंगूच्या डोंगरात दोनोकू गावात आल्फ्रेदो क्रेमोनेसी होता, 1925 पासून बर्मात. 7 फेब्रुवारी 1953 ला बंडखोरांकडून मार खाऊन परतणारे सरकारी सैनिक गावात शिरले, तुम्ही बंडखोरांना मदत करता म्हणाले, हा गावकऱ्यांच्या वतीने विनवण्या करायला पुढे झाला आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. एकाला करेन बंडखोरांनी मारलं, दुसऱ्याला त्या बंडखोरांचा साथीदार समजून सैन्याने! या धर्मप्रांताची अवस्था समजायला ह्या दोन घटना पुरेशा आहेत. व्हेरगारा आणि इसिदोर 2014 मध्ये धन्य घोषित झाले (इसिदोर हा पहिला बर्मी), क्रेमोनेसी 2019 मध्ये.

1955 च्या 1 जानेवारीला टौंगू पूर्ण धर्मप्रांत झाला, आणि लगेच त्याचे तुकडे पडायला लागले. 1961 मध्ये ताउंग्जी वेगळं निघालं, 1988 मध्ये ताउंग्जीतून लॉइकॉ, त्यामुळे शडॉसारखी ठिकाणं आता लॉइकॉकडे आहेत. 1961 मध्येच सबास्टियन श्वे याउक हे स्थानिक बिशप आले, ते बरंच झालं म्हणायचं, कारण 1962 मध्ये ने विनचं लष्करी राज्य आलं, 1965 मध्ये मिशनच्या शाळा सरकारजमा झाल्या आणि 1966 मध्ये स्वातंत्र्यानंतर आलेल्या परदेशी मिशनऱ्यांना देश सोडायला लावला. जुने म्हातारे फादर तेवढे राहिले. बाकी सगळं करेन आणि बर्मी धर्मगुरू, सिस्टर्स आणि पुन्हा तेच कॅटेकिस्ट.

1998 पासून टौंगू ताउंग्जीच्या आर्चबिशपच्या प्रांतात येतं. करेनांमध्ये बहुसंख्य बौद्ध आहेत, ख्रिश्चनांत बॅप्टिस्ट जास्त, कॅथलिक त्याहून कमी, तरी थांडाउंगच्या पट्ट्यात त्यांची संख्या डोळ्यात भरते. करेन बंडखोरांची संघटना करेन नॅशनल युनियन, तिने 2015 मध्ये युद्धबंदीवर सही केली होती, 2021 च्या लष्करी उठावानंतर ती नावालाच राहिली. शेजारच्या लॉइकॉत तर नोव्हेंबर 2023 मध्ये सैन्याने कॅथेड्रलचं आवारच ताब्यात घेतलं, बिशप सेल्सो बा श्वे यांना आणि तिथे आसरा घेतलेल्या लोकांना बाहेर पडावं लागलं.